चपला घालून ऐकायचा रेडिओ

विजेला जितका मान आमच्या साडूंनी दिला, तितका ती हातात घेऊन फिरणाऱ्या इंद्रानेही दिला नसेल. हे मी ऐकीव सांगत नाही. सन एकोणीसशे त्र्याहत्तरच्या अक्षय तृतीयेला, दुपारी पावणेबारा वाजता, सांगलीतल्या एका दुकानात त्यांनी तीनशे पंच्याऐंशी रुपये रोख मोजून व्हॉल्व्हचा रेडिओ घेतला, तेव्हा मी समक्ष हजर होतो. हजर माणसे चार. साडू, त्यांची पत्नी म्हणजे माझी थोरली मेहुणी, मी आणि दुकानदार. दुकानदाराने पावती फाडली आणि हौसेने विचारले, "लावून दाखवू का?" साडू दुकानाच्या पायरीवर गेले, कपाळावर आडवा हात धरून त्यांनी आभाळाच्या चारी बाजू तपासल्या. ते दुष्काळाचे साल. पावसाचा ढग पाहून दीड वर्ष झालेले. तासगावच्या दिशेला कापसाच्या बोंडाएवढे काहीतरी पांढरे तरंगत होते. साडू आत आले आणि म्हणाले, "आज नगं." रेडिओ लागतो की नाही हे न पाहताच आम्ही तो बैलगाडीच्या गवतात ठेवून निघालो. मेहुणी वाटभर त्या खोक्यावर हात ठेवून बसली होती.

माझी बायको साडूंना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजी म्हणतो. मेहुणीला आम्ही दोघेही अक्का म्हणतो. दाजी फौजेत हवालदार होते, आणि तेही तारा-टेलिफोन सांभाळणाऱ्या पलटणीत. चौदा वर्षे नोकरी करून, पेन्शन घेऊन ते तासगावजवळच्या आपल्या वस्तीवर परतले. त्यांच्या सगळ्या वेडाचे मूळ त्या नोकरीत होते. एकदा कुठल्याशा डोंगरावर ते कानाला टेलिफोन लावून बसले असताना दोन मैलांवर वीज पडली आणि तारेतून थेट त्यांच्या कानात आली, असे ते सांगत. "पावणं, तीन दिवस ह्या कानावर भाकरी भाजली असती," असे म्हणून ते उजवा कान पुढे करीत. कान बघायला इतर कानांसारखाच होता. पण त्या दिवसापासून त्यांचा विजेवरचा विश्वास उडाला तो उडालाच. मोठी वीज आभाळातली आणि धाकटी वीज खांबावरची. या दोघी सख्ख्या बहिणी असून त्या कधी एकमेकींना भेटायला निघतील याचा नेम नाही, आणि भेटीची जागा आपला रेडिओ, असा त्यांचा पक्का सिद्धांत होता.

रेडिओ तीनशे पंच्याऐंशीचा, त्याचा बंदोबस्त एकशे चौऱ्याण्णवचा. म्हणजे निम्म्याहून दीड रुपया जास्त. घराच्या मागे त्यांनी पुरुषभर खड्डा खणला, त्यात तांब्याचा पत्रा उभा पुरला, भोवती कोळसा आणि जाडे मीठ भरले आणि पत्र्यापासून जाड तार काढून घरात आणली. छपरावर दोन बांबूंना एरियलची तार. ती खाली येते तिथे खिडकीबाहेर लाकडी पाटीवर एक पितळी खटका. खटका वर केला की एरियल रेडिओला जोडलेली, खाली पाडला की आभाळातून येईल ती पीडा सरळ जमिनीत. आता या खड्ड्याला सदा ओल लागते, नाहीतर तो कामाचा नाही. माणसांना प्यायला पाणी नाही अशा उन्हाळ्यात रोज एक बादली पाणी खड्ड्यात ओतणारा माणूस वस्तीने जिवंत ठेवला नसता. दाजींनी यावर तोड काढली. ते आपली आंघोळ त्या खड्ड्यावर उभे राहून करू लागले. रोज सकाळी साडेसहाला, लंगोट लावून, सावधानच्या पवित्र्यात, एक तांब्या डोक्यावर आणि तोच पायाखाली. मी विचारले, "दाजी, अर्थिंगला साबणाचं पाणी चालतं का?" ते म्हणाले, "आंगाच्या घामात मीठ असतंय का न्हाई? साबनाचं नुकसान घामात भरून निघतंय." हिशेब तपासायला माझ्याकडे साधन नव्हते, म्हणून मी तो मान्य केला.

रेडिओचे टेबल लाकडाचे. त्याचे चारही पाय काचेच्या उपड्या पेल्यांवर. त्यामुळे त्या घरी एका वेळी दोनच पाहुण्यांना सरबत मिळे. बाकीचे पेले नोकरीवर असत. रेडिओचा प्लग भिंतीतून काढल्यावर मोकळा लोंबू द्यायचा नाही, तर तो चिनी मातीच्या बरणीत घालून वर झाकण ठेवायचे, कारण चिनी मातीतून वीज जात नाही. बरणी अक्कांची लोणच्याची होती. पहिले दोन महिने रेडिओ लावला की बातम्यांना कैरीचा वास येई. आणि सर्वांत कडक नियम म्हणजे रबरी चपला घातल्याशिवाय रेडिओला हात लावायचा नाही. त्यासाठी दाजींच्या मापाचा, दहा नंबरचा एक जोड माजघरात टेबलासमोर पादुकांसारखा मांडलेला असे. उंबऱ्याबाहेर सगळ्यांनी वहाणा काढायच्या, आत येऊन या घालायच्या. अक्कांचे पाऊल चार नंबरचे. त्या चपलांतून त्या बदकासारख्या फताक-फताक चालत रेडिओपर्यंत जायच्या. शेजारचा जगू हे पाहून म्हणाला होता, "हवालदार, देवाला अनवानी आन रेडिओला चपला घालून? कुठलं हो शास्तर तुमचं?" दाजी शांतपणे म्हणाले, "देव करंट मारत न्हाई, जगू."

पश्चिमेला ढग दिसला की दाजींची शिट्टी वाजे. एक लांब शिट्टी म्हणजे प्लग. घरात जो कोणी असेल त्याने हातातले टाकून चपला घालायच्या आणि प्लग बरणीत. दोन शिट्ट्या म्हणजे खटका. तो दाजी स्वतः पाडत. तीन शिट्ट्या म्हणजे रेडिओवर गोधडी. एकदा मी जेवायला बसलो असताना एक लांब शिट्टी झाली. वाढणाऱ्या अक्का आमटीची पळी माझ्याच हातात देऊन गेल्या आणि परत आल्या तेव्हा मी स्वतःला वाढून घेतले होते. वीज चमकली की दाजी मोठ्याने आकडे मोजत, गडगडाट होईपर्यंत, कवायतीच्या तालात. आकड्याला पाचाने भागले की मैल निघतात म्हणे. माझ्या मुलीच्या लग्नात छायाचित्रकाराने वधूवरांवर फ्लॅश मारला आणि मांडवात माझ्या मागून आवाज आला, "एक! दोन! तीन!" दाजी बारापर्यंत गेले. गडगडाट झाला नाही. तेवढ्यावर सोडून देणारा माणूस तो नव्हता. अक्षता पडेपर्यंत ते मांडवाचे छत पाहत होते.

ही आभाळातल्या विजेची गोष्ट. खांबावरच्या विजेची तऱ्हा वेगळीच. वस्तीवर विहिरींच्या मोटारी आल्या होत्या. सगळ्या मोटारी चालू असल्या की घरातला दिवा पिवळा पडे, आणि जेवणाच्या वेळी लोकांनी त्या बंद केल्या की दिवा एकदम पांढराफट्ट होऊन जळायच्या बेतात येई. दाजी दिव्याकडे नुसते बघून सांगत, "शंकर बंद झाला. आता जगू हुईल." आणि व्हायचाच. मोटार बंद करण्याआधी प्रत्येकाने पत्र्याचा डबा वाजवून इशारा द्यावा, अशी विनंती त्यांनी घरोघर जाऊन केली. लोकांनी दोन दिवस इमानाने डबे वाजवले. तिसऱ्या दिवसापासून मोटार बंद न करताच वाजवू लागले आणि दाजींना घराबाहेरून धावत येताना पाहण्यासाठी बांधावर बसू लागले.

दाजींनी एक वही ठेवली होती. रेडिओ कधी लावला, कधी काढला आणि का काढला, अशा तीन रकान्यांची. कारणांच्या रकान्यात 'ढग', 'दिवा पिवळा', 'दिवा पांढरा', 'जगूची मोटार', 'ग्रहण' आणि एका जागी नुसतेच 'संशय' असे शेरे. सवयीने मी पहिल्या वर्षाची बेरीज मारली. वर्षभरात रेडिओ एकंदर एकोणीस तास चाळीस मिनिटे वाजला होता. रेडिओचा परवाना पोस्टात काढावा लागतो, वर्षाला पंधरा रुपये. म्हणजे तासाला शहात्तर पैसे पडले. मी दाजींना हा आकडा दाखवला. ते म्हणाले, "आन बिघाडाचा खर्च किती?" मी म्हणालो, "शून्य." ते म्हणाले, "मग?"

अक्का या सगळ्यात कधी बोलल्या नाहीत. त्यांना रेडिओची हौस होती, पण संसारात त्यांनी हौसा बऱ्याच गिळल्या होत्या, त्यात आणखी एक. त्यांचा आवाज मात्र गिळण्यासारखा नव्हता. माझ्या मुलीच्या त्याच लग्नात घरच्या जात्यावर हळद दळताना त्यांनी ओव्या म्हटल्या आणि बायका दळायचे विसरून ऐकत राहिल्या. आमच्या शेजारी सांगलीच्या रेडिओ केंद्रावर काम करणारे एक गृहस्थ राहत. ते जेवायचे ताट घेऊन जात्यापाशी येऊन उभे राहिले. पुढे महिन्याभराने पत्र आले, मी अक्कांना केंद्रावर घेऊन गेलो, त्यांनी डोक्यावरचा पदर दातात धरून ठेवायचा हट्ट सोडल्यावर ध्वनिमुद्रण झाले. वैशाखातल्या एका गुरुवारी संध्याकाळी सव्वासहा वाजता, दहा मिनिटे, त्यांच्या ओव्या लागणार होत्या. एकदाच.

वैशाखातली संध्याकाळ म्हणजे वळवाची वेळ. हे अक्कांना ठाऊक होते. दाजींना तर होतेच. आठ दिवस आधी मी वस्तीवर गेलो तेव्हा घरात दोघांचे बोलणे बंद होते, म्हणजे अक्का बोलत होत्या आणि दाजी बंद होते.

"पावणं, तुमीच इचारा ह्यांना," अक्का म्हणाल्या. "चौदा वर्सं ह्यांनी फौजेतनं सांगितलं, मी ऐकलं. माघारी आल्यावर शिट्टी वाजवली, मी पळाले. आता जल्मात एकदा मी बोलनार, तर तवा बी हे माझं तोंड बरनीत घालनार?"

"ढग आला तर?" दाजी खाली बघत म्हणाले.

"ढग आला आन तुमी प्लग काढलासा, तर मी म्हायेराला जाईन."

"म्हायेरी कोन हाय आता?"

"कोन नसलं तरी जाईन. कुलूप बघत बसेन."

मी मध्यस्थी म्हणून सुचवले की जगूकडे बॅटरीवरचा ट्रांझिस्टर आहे, त्याला ना एरियल ना प्लग, तिथे जाऊन ऐकावे. माझे सुचवणे दोघांनाही एकाच वेळी पटले नाही, हा त्या आठवड्यातला त्यांचा एकमेव एकमत झालेला मुद्दा. अक्का म्हणाल्या, "घरात रेडिओ असताना दुसऱ्याच्या दारात बसून माझा आवाज ऐकू?" दाजी म्हणाले, "ट्रांझिस्टर म्हंजे काय रेडिओ हाय? शेळ्यांमागं न्यायचं खेळनं ते."

शेवटी दाजींनी आपल्या परीने तयारी केली. गुरुवारी दुपारी ते प्रत्येक विहिरीवर गेले आणि सहा ते साडेसहा कोणीही मोटार बंद करू नये असे सांगून आले, म्हणजे दिवा एकदम पांढरा व्हायची भीती नको. यावेळी कोणी थट्टा केली नाही. जगू म्हणाला, "वैनींचा आवाज यायचाय न्हवं? मोटार काय, पाट फुटला तरी उठत न्हाई." ऊस नको म्हणेपर्यंत त्या दिवशी पाणी प्याला.

मी आणि माझी बायको पाच वाजता पोचलो. साडेपाचला पश्चिमेला, अगदी वेळ ठरवून आल्यासारखा, म्हशीच्या रंगाचा ढग उभा राहिला. दाजींचा हात गळ्यातल्या शिट्टीकडे गेला. अक्का टेबलासमोर बसून होत्या. त्यांनी नुसते वळून पाहिले. हात खाली आला. सहा वाजता दाजींनी दहा नंबरच्या चपला घातल्या, रेडिओ लावला आणि स्वतः भिंतीपाशी, प्लगवर उजवा हात ठेवून, सावधानमध्ये उभे राहिले. दारात आणि खिडकीत वस्तीवरच्या बायका. जगू मोटार सोडून येऊ शकत नव्हता, म्हणून त्याने आपला ट्रांझिस्टर विहिरीवर नेला होता.

सव्वासहाला निवेदकाने काहीतरी शुद्ध बोलून घेतले आणि अक्कांचा आवाज आला. अक्कांनी लगेच पदराने तोंड झाकले, जणू रेडिओतल्या बाईने त्यांना पाहिले असते. पहिल्या चार ओव्या देवाच्या आणि माहेरच्या झाल्या. पाचवीला बाहेर लख्ख उजेड पडला. दाजी म्हणाले, "एक, दोन, तीन..." पंचवीसवर गडगडाट झाला. पाच मैल. सहाव्या ओवीला पंधरा मोजून झाले. तीन मैल. दाजींच्या हाताच्या शिरा टरारल्या. मला वाटले, आता प्लग निघणार. तेवढ्यात सातवी ओवी सुरू झाली:

दूरच्या देसाला
गेला शिपाई माझा बाई,
जात्याला इचारते
त्याची चिठी का गं न्हाई?

घरघर करीतं
जातं मला गं सांगतं,
ऱ्हातं जितं मानूस
तेच उशिरानं येतं.

ही ओवी दाजींनी कधी ऐकलेली नव्हती. कुठून ऐकणार? अक्का ती म्हणत तेव्हा ते पलटणीत होते, आणि ते परत आले तोवर गावात पिठाची गिरणी आली होती. बाहेर पुन्हा वीज चमकली. दाजींनी मोजायला सुरुवात केली नाही. तीन वर्षांत प्रथमच त्यांनी आकडा घेतला नाही. ते रेडिओकडे पाहत होते आणि त्यांचा हात प्लगवरून कधी खाली आला हे त्यांना कळले नसावे. खिडकीबाहेरचा खटका वरच होता. शिट्टी गळ्यातच होती.

ओव्या संपल्या. निवेदक म्हणाला, "आताच आपण जात्यावरच्या ओव्या ऐकल्या. गायिका होत्या सौभाग्यवती..." आणि आभाळ छपरावर आपटले. दिवा चुन्यासारखा पांढरा झाला आणि विझला. रेडिओतून फट्ट असा आवाज आला, मागच्या जाळीतून धूर निघाला, आणि माजघरात काचेच्या पेल्यांवर टेबल थरथरलेले ऐकू आले.

अक्का त्या काळ्या पडलेल्या काचेकडे बघत राहिल्या. ओव्या ऐकून झाल्या होत्या. पण नाव राहिले होते. त्यांना नावाचीच वाट होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. नवरा "अगं" म्हणायचा, वस्ती "वैनी" म्हणायची, आम्ही "अक्का". बत्तीस वर्षांच्या संसारात दाजींनी बायकोला नावाने हाक मारलेली कोणी ऐकली नव्हती. ती तिथली रीतच नव्हती. दाजींनी एकदा धुराकडे पाहिले, एकदा अक्कांकडे. मग टाचा जुळवल्या, छाती काढली आणि परेड मैदानावर शेवटच्या रांगेला जातो त्या आवाजात ते गरजले:

"गायिका होत्या! सौभाग्यवती! द्वारकाबाई!"

खिडकीतल्या बायका दोन पावले मागे सरल्या. विहिरीवरून जगूची आरोळी आली, "ऐकलं हो हवालदार! माझ्या ट्रांझिस्टरात बी हेच सांगितलं!"

"आवं, हळू," अक्का पदरातून म्हणाल्या. "सारी वस्ती ऐकतीया नाव माझं."

"ऐकू दे की," दाजी म्हणाले. "रेडिओ हाय त्यो."

पाऊस चार थेंब पडला आणि गेला. दुसऱ्या दिवशी रेडिओ सांगलीला नेला. कारागिराने मागची जाळी उघडली, जळका ट्रान्सफॉर्मर काढून दाखवला आणि सगळी हकिगत विचारून घेतली. खड्डा, मीठ, पत्रा, खटका, सगळे ऐकून तो हळहळला. "अहो, एवढा बंदोबस्त केलेला असताना नुसता प्लग काढून खटका खाली पाडला असतात, तर काही झालं नसतं." मी दाजींकडे पाहिले. ते म्हणाले, "ठावं हाय मला." दुरुस्तीचे साडेसत्तेचाळीस रुपये झाले. अक्कांचे रेडिओ केंद्रावरचे मानधन पंचवीस रुपये आले होते. ते त्यांनी दाजींना हात लावू न देता स्वतः कारागिराच्या हातात दिले, आणि वरचे साडेबावीस दाजींनी.

कोणाला वाटेल की यानंतर दाजी बदलले असतील. ते दुप्पट कडक झाले. "एकदा झाली ती लढाई, पावणं. रोज रोज लढाई न्हाई," असे म्हणून त्यांनी प्लगसाठी झाकणाला रबर असलेली नवी बरणी आणली आणि वहीच्या कारणांच्या रकान्यात 'वारा' हे एक नवीन कारण भरले. त्या गुरुवारचे पान मी पुढे एकदा पाहिले. लावला: सहा. काढला: रकाना कोरा. का काढला: 'काढला नाही.'

गेल्या दिवाळीनंतर दाजी गेले. मी अधूनमधून वस्तीवर जातो. चपलांचा जोड टेबलासमोर तसाच आहे. रेडिओ लावलेला मला दिसला नाही, पण रोज सकाळी साडेसहाला अक्का मागच्या दारी जातात आणि त्या खड्ड्यात एक बादली पाणी ओतून येतात. मी एकदा म्हणालो, "अक्का, रेडिओ बंद आहे, आता ओल कशाला?" त्या म्हणाल्या, "त्यांची आंघुळ चुकल न्हवं."

परवान्याची मुदत संपली तेव्हा मी त्यांना हिशेब समजावला की न वाजणाऱ्या रेडिओचा परवाना कोणी काढत नाही. त्यांनी ऐकून घेतले आणि लुगडे बदलून आल्या. आम्ही तासगावच्या पोस्टात गेलो. परवाना दाजींच्या नावावर होता, तो बदलायचा होता. कारकुनाने मान खाली घालूनच विचारले, "नाव?" मी सांगायला तोंड उघडले, तर अक्कांनी माझ्या दंडाला हात लावून मला थांबवले. डोक्यावरचा पदर नीट केला, आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी आपले नाव स्वतः सांगितले. कारकुनाने मान वर केली.

परवाना वर्षाचा, रुपये पंधरा. अक्कांनी कनवटीचे काढून पोस्टाला दिले.